वीस बिऱ्हाडं, एक प्रॉपर्टी कार्ड

ऑगस्ट २०२२ मधल्या एका पावसाळी रात्री आमच्या जिन्याच्या छताचं प्लास्टर दुसऱ्या मजल्यावर कोसळलं. पावणेअकरा वाजले होते. दहाच मिनिटांपूर्वी शेजारचा मुलगा क्लासहून येऊन तिथूनच वर गेला होता. कुणाला लागलं नाही, पण त्या रात्री इमारतीत कुणाचा डोळा लागला नाही.

मुंबईच्या पूर्व उपनगरातली आमची इमारत १९८३ ची. चार मजले, वीस घरं, प्रत्येक घर २८५ चौरस फुटांचं. राहणारे बेस्टमधून निवृत्त झालेले, गिरणी बंद पडल्यावर रिक्षा चालवलेले, एक परिचारिका, दोन शिक्षिका, चार घरी पोळ्या करून संसार ओढणाऱ्या तळमजल्यावरच्या काकू. महिन्याची देखभाल १,४०० रुपये, तीही काही जणांना जड जाते. मी सोसायटीची सचिव. शाळेत शिकवते, कायद्याचं शिक्षण नाही. जमीन सोसायटीच्या नावावर करून इमारत स्वतः नव्यानं बांधण्यासाठी गेल्या तीन वर्षांत ज्या कागदांमागे धावलो ते आधी कुणी ओळीनं सांगितले असते, तर आमचं निदान वर्षभर वाचलं असतं. म्हणून हे लिहिते आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी झाली. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं ते दर तीन वर्षांनी करायचं असतं; आमच्याकडे ते पहिल्यांदाच झालं. खर्च ६५ हजार. मोठी दुरुस्ती लागेल, असा अहवाल आला आणि दुरुस्तीचा अंदाज होता ७२ लाख. सोसायटीच्या खात्यात होते ९ लाख.

८ जानेवारी २०२३ च्या विशेष सर्वसाधारण सभेत दोन पर्याय मांडले. एक, बिल्डरला देणं. एक प्रस्ताव आलाही होता. पण आमच्याच रस्त्यावरची एक इमारत पाडून चार वर्षं झाली होती, तिथल्या लोकांचं भाडं दीड वर्षापासून थांबलं होतं, आणि त्यांच्यातले एक आजोबा भाड्याच्या खोलीतच गेले. आमच्या सभेत ते नाव कुणी उच्चारलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. दुसरा पर्याय स्वयंपुनर्विकासाचा. म्हणजे सोसायटीनं स्वतः कर्ज काढायचं, स्वतः ठेकेदार नेमायचा, वाढीव घरं विकून कर्ज फेडायचं. त्यात कुणाचा नफा नसतो. उरलं तर ते सोसायटीच्या निधीत, पुढच्या देखभालीसाठी.

सभेत हात वर झाले. सोमवारी मी आणि खजिनदार एका वास्तुविशारदांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "प्रॉपर्टी कार्ड कुणाच्या नावावर आहे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चाळीस वर्षं राहतोय, म्हणजे आमच्याच नावावर असणार, असं वाटत होतं. प्रॉपर्टी कार्ड म्हणजे जमीन कुणाची हे सांगणारा सरकारी उतारा. तो ऑनलाइन काढला, तर धारकाच्या रकान्यात मूळ जमीनमालकाचं नाव. ते १९९४ मध्ये वारले होते. बिल्डरचं तर नावही नव्हतं. त्यानं मालकाशी फक्त विकासाचा करार केला होता, जमीन कधी घेतलीच नव्हती. वास्तुविशारद शांतपणे म्हणाले, "ताई, बँक इमारत बघून कर्ज देत नाही, जमीन बघून देते. आधी कन्व्हेयन्स." म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं.

मोफा म्हणजे १९६३ चा महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी कायदा. त्याच्या नियमांप्रमाणे सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरनं जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते. हजारो बिल्डरांनी ती दिली नाही, म्हणून २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरण आलं. लोक त्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात. बिल्डर किंवा मालक सही करत नसेल, तर सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक सुनावणी घेऊन त्यांच्या वतीनं जमीन देण्याचा आदेश काढू शकतात. गावदेवीच्या सारस्वत सोसायटीनं १९१५ मध्ये मुंबईत सहकारी घरं उभी केली, तेव्हाची कल्पना सोपी होती : जमीन सोसायटीची, घर सभासदाचं. पुढे बिल्डर आला आणि ही घडी उलटी झाली.

फेब्रुवारी २०२३ पासून कागद गोळा करायला लागलो. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, प्रॉपर्टी कार्ड, सभासदांची यादी, आणि प्रत्येक घराचा करार व इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला त्या दस्ताचा गोषवारा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, आमच्याकडे नव्हतं. सगळे म्हणाले, संपलं तुमचं. तसं नाही. २०१८ च्या शासन निर्णयानं कागदांची यादी कमी केली आहे आणि भोगवटा प्रमाणपत्राऐवजी सोसायटीचं स्वयंघोषणापत्र चालतं. कुणी त्यावरून परत पाठवलं, तर त्या निर्णयाची प्रत पुढे ठेवा.

खरी परीक्षा करारांची होती. वीस घरांपैकी बारा मूळ मालकांकडे, आठ पुढे विकली गेलेली. मी एक मोठी वही केली. घर क्रमांक, पहिला खरेदीदार, आताचा सभासद, कराराची तारीख, स्टँप किती, नोंदणी आहे का, मूळ प्रत कुठे आहे. ही वही सुरुवातीलाच करा. १० डिसेंबर १९८५ ही तारीख लाल शाईनं लिहून ठेवा. त्याआधीच्या करारांना पाच-दहा रुपयांचा स्टँप पुरत होता, त्यामुळे १९८२-८३ चे करार बघून घाबरू नका. त्यानंतरच्या करारांवर मात्र घराच्या किमतीच्या प्रमाणात मुद्रांक शुल्क लागतं, आणि ते कमी भरलेलं असेल तर महिन्याला दोन टक्क्यांनी दंड वाढत जातो.

तिघांचे करार त्यात अडकले. तळमजल्यावरच्या काकूंचा सगळ्यांत अवघड. काकांनी १९९१ मध्ये घर घेतलं ते २० रुपयांच्या स्टँप पेपरवर, नोंदणी न करता. काका २००९ मध्ये गेले. काकूंनी करार देवाच्या फोटोमागे प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. तो उघडून दाखवताना त्यांचे हात थरथरत होते. "म्हणजे घर माझं नाही का गं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घर तुमचंच आहे, कागद पुरा करायचा आहे. पण तो कसा करायचा, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. दंड धरून आकडा दीड लाखाच्या वर जात होता.

कार्यकारिणीतल्या एक-दोघांचं मत पडलं की एका घरासाठी वीस जणांनी थांबू नये, त्यांचं नंतर बघू. मी त्याला विरोध केला आणि तो बरोबरच होता असं मला वाटतं. एकाचं शुल्क बाकी राहिलं तरी पुढे मुद्रांक कार्यालयात सगळ्या सोसायटीची फाइल थांबते. म्हणून सगळ्यांत कच्च्या कागदापासून काम सुरू करा. पक्के कागद कुठे पळून जात नाहीत.

वाट बघण्यात सहा महिने गेले. मग डिसेंबर २०२३ मध्ये मुद्रांक शुल्क अभय योजना आली. १९८० ते २००० च्या दस्तांवर बाकी शुल्क एक लाखापर्यंत असेल, तर शुल्क आणि दंड दोन्ही माफ. पहिला टप्पा सुरुवातीला १ डिसेंबर ते ३१ जानेवारी असा जाहीर झाला होता. करार मूळ हवा आणि कोऱ्या कागदावरचा नको, थोड्या तरी रकमेचा स्टँप त्यावर हवा, ही अट होती. काकूंचा तो २० रुपयांचा स्टँप पेपर तेव्हा कामी आला. ११ डिसेंबरला तिघांचे अर्ज एकदमच दिले. जानेवारीअखेर तिघांचे आदेश आले. काकूंचं शुल्क पूर्ण माफ झालं.

नोंदणी मात्र बाकी होती. इतक्या जुन्या कराराची थेट नोंदणी होत नाही, पुष्टीकरणाचा दस्त करावा लागतो आणि त्यावर विकणाऱ्याची सही लागते. विकणारे गृहस्थ वारले होते, मुलं संगमेश्वर तालुक्यात. फेब्रुवारीत एका शनिवारी मी, काकू आणि आमचे अध्यक्ष एसटीनं गेलो. दोघा भावांना वाटलं, आम्ही काही मागायला आलोय. मोठ्याच्या बायकोनं चहा दिला, काकूंकडे बघत बसली, आणि नवऱ्याला म्हणाली, "ह्यांच्या नवऱ्यानं पैसे दिलेत ना तुमच्या बाबांना? मग सही करा." दोघं पुढच्या आठवड्यात मुंबईत आले. त्यांचा प्रवासखर्च आणि जेवण सोसायटीनं केलं, २,८०० रुपये. ५ मार्च २०२४ ला दस्त नोंदवला गेला.

१८ मार्चला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज दाखल केला. आधी ऑनलाइन, मग कागदी संच, नमुना सातमधला अर्ज आणि दोन हजारांचा कोर्ट फी स्टँप. त्याआधी बिल्डर आणि मालकाचे वारस यांना वकिलामार्फत नोटीस दिली होती. वकिलांची फी सगळी मिळून ९० हजार ठरली. आम्ही ती तीन हप्त्यांत दिली : अर्जाच्या वेळी, आदेशानंतर आणि प्रॉपर्टी कार्डावर नाव लागल्यावर. असंच ठरवा. आमच्या ओळखीतल्या एका सोसायटीनं सगळी फी आधी दिली आणि वर्षभर फोन करत बसली.

तारखा पडल्या : २५ एप्रिल, १३ जून, ११ जुलै, ८ ऑगस्ट. लोकसभेच्या निवडणुकीमुळे अधिकारी निवडणुकीच्या कामावर होते, त्यामुळे मे महिना कोरा गेला. बिल्डरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस "पत्त्यावर राहत नाहीत" असा शेरा घेऊन परत आली. ते पाकीट न फोडता फाइलला लावायचं असतं. मग दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, खर्च १४,५००. प्रत्येक तारखेला रोजनाम्यावर, म्हणजे सुनावणीच्या नोंदीत, आपली हजेरी लागली का ते बघा, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची आवक क्रमांकासह पोच घ्या. माझ्याकडे अशा ४१ पोचा आहेत.

जूनच्या तारखेला मालकाच्या सूनबाई हजर झाल्या. वय पंचाहत्तरच्या आसपास. त्यांचं म्हणणं होतं की बिल्डरनं सासऱ्यांना ठरलेले पैसे पूर्ण दिलेच नाहीत, आणि भूखंडाच्या मागची चिंचोळी पट्टी त्यांच्या घराण्याचीच आहे. बाहेर बाकावर त्या आमच्या शेजारीच बसल्या होत्या. माझा राग त्यांच्यावर नव्हता. त्यांची शेती गेली, पैसे बुडाले, आणि आता आम्ही त्यांच्या दारात नोटीस पाठवली होती. मी त्यांना सरळ सांगितलं की पट्टी नकाशात आमची नसेल तर आम्ही ती मागणार नाही. वास्तुविशारदांनी मंजूर नकाशावरून मोजणी करून दाखला दिला, खर्च १८ हजार. पट्टी खरंच आमच्या मंजूर नकाशाच्या बाहेर निघाली. आम्ही अर्जातलं क्षेत्र दुरुस्त करून ६२० चौरस मीटर केलं. सभेत त्यावर वाद झाला, एवढी जागा का सोडायची म्हणून. पण त्यानंतर सूनबाईंनी क्षेत्राचा आक्षेप मागे घेतला. पैशांचा वाद दिवाणी न्यायालयाचा, तो उपनिबंधकांसमोर सुटत नाही, हे त्यांनाही त्यांच्या वकिलांनी सांगितलं. कायद्यानं सहा महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. आमचा आदेश १९ सप्टेंबरला आला, सहा महिने आणि एक दिवस.

आदेश हातात आला की काम झालं, असं वाटतं. तसं नसतं, तिथून पुढे तीन कार्यालयं आहेत. पहिलं, मुद्रांक जिल्हाधिकारी, दस्तावरचं शुल्क ठरवायला. सगळ्या घरांचं शुल्क भरलेलं असल्यामुळे आम्हाला घरामागे १०० रुपये लागले, एकूण दोन हजार. काकूंचा कागद अपुरा असता, तर इथे पुन्हा अडलो असतो. मधे विधानसभेची निवडणूक, त्यामुळे डिसेंबर उजाडला. दुसरं, दुय्यम निबंधक. तेही दस्त नोंदवण्याआधी मालकपक्षाला नोटीस काढतात. १० जानेवारी २०२५ ला नोंदणी झाली. तिसरं, नगर भूमापन कार्यालय, फेरफारासाठी. बऱ्याच सोसायट्या नोंदणीवर थांबतात आणि प्रॉपर्टी कार्डावर जुनंच नाव राहतं. बँक नोंदणीचा दस्त बघत नाही असं नाही, पण आधी कार्ड बघते.

२७ मार्च २०२५ ला नवं कार्ड मिळालं. धारक : आमच्या सोसायटीचं नाव. मी ते गाडीत तीनदा वाचलं. घरी येऊन जिन्यातल्या फलकावर झेरॉक्स लावली. रात्री खाली पाणी भरायला आलेले लोक तिथेच उभे राहून वाचत होते. जमिनीचा एकूण खर्च, वकील, नोटिसा, मोजणी, शुल्क, प्रवास धरून १ लाख ८६ हजार. म्हणजे घरामागे साडेनऊ हजारांच्या आत.

आता पैसा. स्वयंपुनर्विकासासाठी १३ सप्टेंबर २०१९ चा शासन निर्णय आहे, त्यात सवलती आहेत आणि ४ टक्के व्याज अनुदानाचाही उल्लेख आहे. आम्ही ते अनुदान अंदाजपत्रकात धरलं नाही. मिळालं तर आनंद, पण त्यावर गणित उभं करू नका. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं अशा कर्जांची वाट पाडली हे खरं. जिल्हा बँकांना अशा निवासी प्रकल्पांना कर्ज देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२२ च्या परिपत्रकानं मिळाली, पण घरांच्या कर्जांना एकूण मालमत्तेच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणून कोणत्याही बँकेत पहिला प्रश्न विचारा, तुमची मर्यादा शिल्लक आहे का? आम्ही ज्या बँकेत आधी गेलो, तिथे दोन महिने कागद दिल्यावर मर्यादा भरल्याचं कळलं. दुसऱ्या एका सहकारी बँकेनं फाइल घेतली.

किती बांधता येईल, याचा हिशोब वास्तुविशारदांनी सभेत फळ्यावर मांडला. त्यातली एक गोष्ट लहान घरांच्या सोसायट्यांनी नीट समजून घ्यावी. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७)(ब) प्रमाणे सोसायटीला जादा क्षेत्र मिळतं : आहे त्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा घरामागे १० चौरस मीटर, यातलं जे जास्त असेल ते. आमचे १५ टक्के होत होते ९३ चौरस मीटर, आणि घरामागच्या हिशोबानं २००. घरं लहान आणि जास्त असण्याचा फायदा आयुष्यात पहिल्यांदाच झाला, असं बेस्टवाले काका म्हणाले. प्रत्येक सभासदाला ४१० चौरस फूट आणि विक्रीला ११ घरं, असं ठरलं. प्रकल्पाचा खर्च १८ कोटी ४० लाख.

४ मे २०२५ च्या सभेला वीसपैकी वीस हजर होते. चित्रीकरण केलं, इतिवृत्तावर प्रत्येकाची सही घेतली. कर्जाला सोसायटीची जमीन आणि विक्रीची घरं तारण. विक्रीच्या घरांसाठी सोसायटीच प्रवर्तक, म्हणजे बिल्डरच्या जागी, त्यामुळे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराकडची नोंदणी आपल्याच नावावर, आणि ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात. हे ऐकताना लोकांचे चेहरे उतरले. बारा कोटींचं कर्ज, आणि आपण? परिचारिका असलेल्या ताईंनी विचारलं, घरं विकली गेली नाहीत तर? तो प्रश्न मी टाळला नाही. दर १५ टक्क्यांनी पडला तर काय, सहा महिने एकही घर विकलं नाही तर काय, हे दोन्ही तक्ते आम्ही वाटले. पहिल्या स्थितीत सभासदांचं क्षेत्र ४१० वरून ३८५ चौरस फुटांवर आणावं लागत होतं, म्हणजे एक जादा घर विक्रीला निघत होतं. ते मान्य आहे का, यावर वेगळं मतदान घेतलं. अठरा विरुद्ध दोन. ज्या दोघांनी विरोध केला, त्यांच्यातल्या एकांना मी देखरेख समितीवर घेतलं, कारण आकड्यांकडे त्यांच्याइतकं बारकाईनं कुणीच पाहत नव्हतं.

जूनमध्ये अर्ज, तीस वर्षांचा टायटल सर्च (जमिनीच्या मालकीच्या नोंदींची तपासणी), मूल्यांकनकर्त्याची भेट, ठेकेदाराचे मागच्या तीन कामांचे दाखले. बँकेची प्रक्रिया फी आणि तपासणीचे पैसे आधी भरावे लागतात. आमचे सव्वातीन लाख गेले. त्यासाठी घरामागे २० हजार गोळा केले, चौघांनी ते पाच हप्त्यांत दिले. सप्टेंबरमध्ये महापालिकेची आयओडी, म्हणजे अटींसह बांधकामाची प्राथमिक मंजुरी, आली. १७ ऑक्टोबर २०२५ ला, वसुबारसेच्या दिवशी, मंजुरीपत्र मिळालं. मागितले होते १४ कोटी, मंजूर झाले १२. व्याज साडेबारा टक्के. अधिमूल्याचे, म्हणजे जादा बांधकामासाठी भरायचे पैसे बँक थेट महापालिकेला देते, ठेकेदाराला कामाच्या टप्प्याप्रमाणे, सोसायटीच्या हातात रोकड येत नाही. मला त्याचा दिलासाच वाटला.

डिसेंबरमध्ये अधिमूल्याचा पहिला हप्ता भरला गेला. जानेवारीअखेर इमारत रिकामी करायची आहे. सध्या सगळे भाड्याच्या खोल्या शोधतायत, आणि वीस बिऱ्हाडं एकाच वेळी शोधत असल्यामुळे गल्लीतले दर वाढले आहेत. हे काम आम्ही दिवाळीलाच सुरू करायला हवं होतं. काकूंना पोळ्यांची घरं सोडून लांब जाता येत नाही. त्यांना त्याच रस्त्यावर तळमजल्याची खोली मिळाली, भाडं २२ हजार, अनामत ५० हजार. भाडं कर्जाच्या अंदाजपत्रकात आहे, अनामत धरायची राहून गेली. त्यांची आणि आणखी तिघांची अनामत सोसायटीच्या निधीतून दिली आहे, घर परत मिळाल्यावर वळती करायच्या बोलीवर. तुमच्या अंदाजपत्रकात हा रकाना आधीच ठेवा.